फवारणीची परीक्षा नक्की कुणाची घ्यायची?

वैदर्भी_फ्रेस्नो | ८ जुलै

माझं माहेर दारव्हा तालुक्यातलं, कपाशीचं. सासर कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ, बदामाचं. गेल्या आठवड्यात माझ्या फवारणी प्रमाणपत्राचं दुसऱ्यांदा नूतनीकरण झालं. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

२०१७ च्या सप्टेंबरात आमच्या सालदाराला कपाशीत फवारताना उलट्या सुरू झाल्या. आम्ही त्यांना काका म्हणायचो, मी त्यांच्या खांद्यावर बसून पोळा पाहिलेला. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, हवा कोंदट होती आणि बोंडअळीच्या धास्तीनं सगळेच दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. काका वाचले. चार दिवस त्यांना धूसर दिसत होतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात वीसहून जास्त माणसं दगावली आणि शेकडो दवाखान्यात गेली, हे तुम्हाला आठवत असेल. नंतर मी बाबांना विचारलं, बाटलीसोबतचं माहितीपत्रक काकांनी पाहिलं होतं का? बाबा म्हणाले, मीच कधी उघडलं नाही.

इथे माझ्यावर ते उघडण्याची सक्ती झाली. अमेरिकेत १९७२ पासून कायद्यानं कीटकनाशकांचे दोन गट आहेत: कुणीही विकत घेऊ शकेल असा सर्वसाधारण गट आणि निर्बंधित गट. निर्बंधित औषध स्वतःच्या शेतात मारायचं असलं तरी शेतकऱ्याकडे प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर दुकानदार बाटली देत नाही. कॅलिफोर्नियाची निर्बंधित यादी केंद्राच्या यादीहून लांब आहे. इथे काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कृषी आयुक्तांच्या कचेरीत बहुपर्यायी परीक्षा द्यावी लागते आणि उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं. नंतर ६ तासांचे वर्ग करायचे, त्यातले २ तास नुसत्या कायद्याचे, नाहीतर पुन्हा परीक्षा.

पहिल्या वेळी मी नापास झाले. गणितात गेले. दुसऱ्या वेळी तयारी करताना कळलं की ही पाठांतराची परीक्षा नाहीच. लेबल हातात घेऊन विचार करता येतो का, एवढंच त्यांना पाहायचं असतं. वारा कुणाच्या घराकडे वाहतोय? मारल्यावर किती तास त्या ओळीत कुणी शिरायचं नाही? इथे खारी बदामाच्या मुळाशी बिळं करतात. त्या बिळात टाकायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, म्हणजे आपल्याकडच्या धान्यात ठेवायच्या गोळ्या, माणसं किंवा जनावरं राहतात अशा इमारतीपासून १०० फुटांच्या आत वापरायच्या नाहीत. बीळ कुठवर गेलंय ते वरून दिसत नाही आणि वायू बिळातून घरात शिरतो. कारण समजलं तेव्हा आकडाही लक्षात राहिला.

माझा प्रश्न असा. आपल्याकडे अशी परीक्षा असती तर काका त्या दिवशी पडले असते का? आणि ती कुणाची घ्यायला हवी होती, बाबांची की काकांची?

कृषिकेंद्र_नांदेड | ८ जुलै

ताई, परीक्षा आमची झाली. नियम बदलले आणि कीटकनाशक विकणाऱ्याला कृषी, रसायनशास्त्र अशा विषयांचं शिक्षण सक्तीचं झालं. मी बारावी. मग ४८ आठवड्यांचा पदविका अभ्यासक्रम केला, सुट्टीच्या दिवशी वर्ग, मध्ये शेतांच्या भेटी. खरं सांगतो, त्याआधी १५ वर्षं मी दुकान चालवत होतो आणि दोन औषधं एकत्र केल्यावर काय होतं ते मला कंपनीचा माणूस सांगायचा. तो सांगेल ते मी गिऱ्हाइकाला सांगायचो.

आता मला कळतं, पण काउंटरवर काय होतं ते ऐका. सकाळी ९ वाजता मजूर गाडीवर येतो. मालकाचा फोन आलेला असतो, "त्याला अळीचं औषध दे." तो विचारतो, पंपाला किती टोपणं? मी मिलिलिटर सांगतो, तर तो पुन्हा विचारतो, "टोपणं किती ते सांगा." मागे दोन जण उभे असतात. मी टोपणं सांगतो. बाटलीगणिक टोपण वेगळं असतं हे मला माहीत आहे, तरी सांगतो. ही माझी चूक आहे आणि मी ती रोज करतो.

परीक्षेला माझा विरोध नाही. भीती एवढीच की गाडीच्या लायसनसारखं एजंटाच्या हातात जाईल. फोटो द्या, पैसे द्या, घरपोच प्रमाणपत्र.

परिचारिका_वणी | ९ जुलै

२०१७ च्या त्या महिन्यांत मी वॉर्डात होते. परीक्षेत पहिला प्रश्न काय असावा ते मी सांगते: "दवाखान्यात जाताना सोबत काय न्याल?"

एका रात्री चार जण आले. डॉक्टर विचारत होते, काय मारत होतात? नातेवाईक सांगत होते, "औषध." कुठलं? "निळ्या बाटलीचं." ऑर्गनोफॉस्फेट असेल तर अ‍ॅट्रोपिन आणि पाम हे उतारे सुरू करायचे. पायरेथ्रॉइड असेल तर त्याला उतारा नाही, लक्षणं सांभाळायची. दोन्ही एकाच बाटलीत असतील तर पुन्हा वेगळा विचार. रक्तातलं कोलिनएस्टरेज, म्हणजे ऑर्गनोफॉस्फेटनं कमी होणारं विकर, मोजलं असतं तर अंदाज आला असता, पण आमच्याकडे तेव्हा ती तपासणी होत नव्हती. बाहुल्या किती बारीक झाल्यात, लाळ किती गळतेय, घाम किती येतोय, हे बघून डॉक्टर ठरवत होते. एकाचा भाऊ रात्री ११ वाजता परत शेतात गेला आणि बॅटरीच्या उजेडात धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, रिकामी बाटली शोधून घेऊन आला. त्या बाटलीनं त्या पेशंटचे उपचार बदलले.

आणि आपण त्याला औषध म्हणतो ना, त्याचाही परिणाम होतो. पेशंट म्हणायचे, "औषधच तर होतं, विष कुठं प्यालो?"

कपाशी_आर्णी | ९ जुलै

ताई, तुमच्या काकांबद्दल वाईट वाटलं. पण परीक्षा घ्या म्हणणं सोपं आहे. आमच्याकडं फवारणीची मजुरी पंपामागं ठरते. जितके पंप जास्त तितका रोज जास्त. माणूस वाऱ्याची दिशा बघत थांबला तर त्याचाच रोज बुडतो. कृषी विभागानं वाटलेले सुरक्षा किट माझ्या घरी आहेत. भादव्यातल्या उकाड्यात तो कोट घालून अर्धा तास फिरून दाखवा. मी स्वतः घातला, दहाव्या मिनिटाला काढला. चष्म्यावर वाफ धरते, पिकाची ओळ दिसत नाही.

ज्याला हे माहीत नाही तो पेपर काढणार आणि आमचा मजूर नापास होणार. मग त्याचं काम जाईल. माझं काहीच जाणार नाही.

निवृत्त_कृषी_अधिकारी | १० जुलै

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. त्याला धरून कायद्याची बाजू मांडतो.

आपला कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. या नियमांत कामगारांच्या संरक्षक कपड्यांची, वैद्यकीय तपासणीची आणि प्रशिक्षणाची तरतूद आहे. पण ती लिहिताना डोळ्यासमोर होते कारखाना, गोदाम आणि व्यावसायिक फवारणी करणारे. दुसऱ्याच्या शेतात पंपामागे पैसे घेऊन फवारणारा माणूस त्या रचनेत कुठेच बसत नाही. मालकाच्या लेखी तो नोकर नाही, कायद्याच्या लेखी व्यावसायिक नाही.

२०१७ नंतर काय केलं? विशेष तपास पथक नेमलं. पश्चिम विदर्भात मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. राज्याच्या हातात तात्पुरती बंदीच असते, कायमचा निर्णय केंद्राचा.  ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फत करायचा असा आदेश काढला. आता आपल्या तालुक्यात असा परवानाधारक शोधा. मी शोधला, शहरातल्या सोसायट्यांमध्ये वाळवी आणि झुरळं मारणारे सापडले. माझ्या शेजारच्या शेतात मात्र त्याच आठवड्यात तणनाशक मारलं गेलं, पूर्वीसारखंच. अमेरिकेतल्या निर्बंधित गटाची कल्पना आपण अर्धीच उचलली. औषध निर्बंधित केलं, पण ते वापरायला शिकलेला, तपासलेला माणूस तयार केला नाही.

एक उदाहरण मात्र आपल्याकडचंच आहे. नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटाच्या बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, ५ दिवस ड्रोन उडवण्याचं आणि १० दिवस खतं-कीटकनाशकं फवारण्याचं. ड्रोन चालवणारी बाई धुऱ्यावर उभी असते, औषधापासून लांब. तिला १५ दिवस. पाठीवर पंप घेऊन त्याच धुक्यात चालणाऱ्याला एक तासही नाही. ड्रोन महाग आहे म्हणून त्याच्यासाठी शिकवणी आहे, असं मला वाटतं आणि ते बोचतं.

रानपाखरू | १० जुलै

टोपणाचं काय ते नीट सांगाल का कुणी? आमच्या घरीही टोपणानंच चालतं.

वैदर्भी_फ्रेस्नो | ११ जुलै

रानपाखरू, मी नापास झाले ते गणित हेच, म्हणून सांगते. इथे एकराचा १२८ वा भाग मोजून त्यावर साधं पाणी फवारतात. आपल्याकडे त्याहून सोपं आहे, कारण आपल्याकडे गुंठा आहे. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. ४० गुंठ्यांचा एकर.

एक गुंठा मोजा. पंपात साधं पाणी मोजून भरा आणि रोजच्या चालीनं तेवढाच गुंठा फवारा. उरलेलं पाणी मोजा. समजा ५ लिटर लागलं. म्हणजे एकराला २०० लिटर, १५ लिटरचे साधारण सव्वातेरा पंप. माहितीपत्रकावर एकरी ४०० मिली असेल, हेक्टरी असेल तर अडीचनं भागा, तर पंपाला ३० मिली. आता नोझल बदलली किंवा जोरात फेकणारा बॅटरी पंप आणला आणि त्याच गुंठ्याला ७ लिटर लागलं, तर एकराला २८० लिटर. पंपाला तेच ३० मिली घालत राहिलात तर एकरात ५६० मिली गेलं. १६० मिली फुकट, आणि ते सगळं फवारणाऱ्याच्या आजूबाजूला. टोपणाऐवजी खुणा असलेला मापाचा पेला घ्या आणि तो फक्त त्याच कामाला ठेवा.

कपाशी_आर्णी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. इथलं सगळं चांगलं आहे असं मला म्हणायचं नव्हतं. इथेही परीक्षा मी देते. बागेत फवारणारे दोघं मेक्सिकोतून आलेले आहेत आणि ते माझ्या देखरेखीखाली काम करतात. त्यांना दरवर्षी प्रशिक्षण देणं माझ्यावर बंधनकारक आहे, पण त्यांची लेखी परीक्षा नसते. अमेरिकी केंद्राच्या नियमात तर शेतकऱ्यालाही परीक्षा किंवा नुसता वर्ग, यांपैकी कुठल्याही वाटेनं प्रमाणपत्र देता येतं. निर्बंधित औषधांच्या लेबलांवर स्पॅनिश मजकूर सक्तीचा व्हायला डिसेंबर २०२५ उजाडावा लागला. इतकी वर्षं ती लेबलं इंग्रजीत होती आणि ती हाताळणारे कितीतरी हात स्पॅनिश बोलणाऱ्यांचे होते.

एका औषधाच्या बाबतीत मात्र देखरेखीची सवलत काढून घेतली आहे, पॅराक्वाट हे तणनाशक. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यानं स्वतःच ते हाताळायचं, त्यासाठी वेगळं प्रशिक्षण, दर ३ वर्षांनी. बाटलीवर लिहिलेलं असतं की एक घोट जीव घेऊ शकतो. त्याला उतारा नाही. आमच्याकडे ते मी मारते, त्या दोघांना हात लावू देत नाही. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. जिथे धोका खरंच मोठा मानला गेला, तिथे कायद्यानं विचारलं की बाटली प्रत्यक्ष कुणाच्या हातात आहे. बाकी बहुतेक औषधांच्या बाबतीत तो मालकाला विचारून थांबतो.

द्राक्ष_निफाड | १२ जुलै

आमच्याकडे फवारणीची नोंदवही आहे, कित्येक वर्षांपासून. निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, अ‍ॅनेक्शर ५ या मान्य औषधांच्या यादीतली औषधंच मारायची, काढणीआधी किती दिवस थांबायचं ते त्यात दिलेलं असतं, मग प्रयोगशाळेत नमुना. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला तेव्हा आम्ही सगळे हादरलो आणि त्यानंतर शिस्त आणखी कडक झाली.

या धाग्यामुळे काल रात्री ती वही उघडली. तारीख आहे, औषध आहे, मात्रा आहे, कीड आहे, काढणीपूर्व दिवस आहेत. ट्रॅक्टरवर कोण होतं, त्याचं नाव कुठेच नाही. हॉलंडमध्ये जो घड खाणार त्याची काळजी पानापानावर आहे. माझ्या बागेत १२ वर्षं ब्लोअर चालवणाऱ्याची एका ओळीतही नाही. आज पेनानं एक रकाना वाढवला.

वैदर्भी_फ्रेस्नो | १२ जुलै

निफाडकर, हे वाचून थांबलेच.

सरकारी परीक्षा येईल तेव्हा येईल. आपण आपल्यापुरते पाच प्रश्न काढू या का? तोंडी, मजुराच्या भाषेत, फवारणीच्या सकाळी, धुऱ्यावर. नापास कुणालाच करायचं नाही. ज्याचं उत्तर येणार नाही ते मालकानं तिथेच सांगायचं. मला सुचलेले: डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग कुठला आणि त्याचा अर्थ काय, कारण लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. वारा कुठून येतोय आणि आपण कुठून सुरुवात करायची. अंगावर सांडलं तर पहिलं काय. या तुकड्यात पुन्हा कधी शिरायचं. आणि परिचारिका ताईंचा, दवाखान्यात काय न्यायचं.

कृषिकेंद्र_नांदेड | १३ जुलै

हे पाच प्रश्न मोठ्या अक्षरात छापून काउंटरवर लावले. मापाचे पेलेही मागवलेत, बाटलीसोबत देतोय.

परिचारिका_वणी | १३ जुलै

एक जोडा: फवारताना तंबाखू, बिडी खिशात ठेवू नका. हात औषधाचे, तोच हात तोंडात.

कपाशी_आर्णी | १० ऑगस्ट

महिनाभर काही लिहिलं नाही, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं. तुडतुड्यांसाठी पहिली फवारणी ५ ऑगस्टला होती. माझ्याकडं चार जण पंपावर आणि एक बाई पाणी आणायला व औषध कालवायला. मी आधी चौघांनाच विचारणार होतो. मग लक्षात आलं की बाटली उघडते ती बाई. कच्चं औषध तिच्याच हाताला लागतं. तिला पहिलं बसवलं.

त्रिकोण कुणालाच माहीत नव्हता. मलाही तुमच्या धाग्यावरूनच कळला. वाऱ्याचं चौघांनी बरोबर सांगितलं, अंगावर घेऊन घेऊन शिकलेत. दवाखान्यात बाटली न्यायची हे एकानं सांगितलं, त्याचा साळा २०१७ मध्ये गेला. मग विचारलं, अंगावर सांडलं तर पहिलं काय? मी उत्तर सांगितलं की कपडे उतरवायचे आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. बाई म्हणाली, "भाऊ, धुवाचं खरं, पन धुऱ्यावर पानी कुठी हाये? मी आनतो ते तं सारं पंपात जाते."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. विहीर तिथून अर्धा किलोमीटर आहे. ताई, तुमच्याकडं किती पाणी ठेवतात?

वैदर्भी_फ्रेस्नो | १० ऑगस्ट

औषध हाताळणाऱ्या प्रत्येकामागे ३ गॅलन, म्हणजे ११ लिटरपेक्षा थोडं जास्त, काम सुरू होतानाच. शिवाय साबण आणि एकदाच वापरून टाकायचे रुमाल. हेही परीक्षेत होतं आणि मी पाच प्रश्नांत घातलं नाही. तुमच्या त्या बाईंनी बरोबर जागी बोट ठेवलं.

कपाशी_आर्णी | १४ ऑगस्ट

२० लिटरचे तीन कॅन घेतले. धुऱ्यावर बाभळीखाली ठेवले, साबण सुतळीनं बांधला. मजुरी पंपामागं न देता दिवसावर केली. चौघांनी तीन पंप कमी मारले, ते मला परवडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पंपाचं पाणी संपलं आणि एक पोरगा कॅन उचलायला गेला. बाईनं हात लावू दिला नाही, विहिरीवर पाठवलं.

कोटाचं मी अजून जमवू शकलो नाही, उकाडा आहेच. सकाळी १० च्या आत आटपतो एवढंच. एक मदत हवी. किटमधले हातमोजे बाईच्या हातात राहत नाहीत, बोटं दोन इंच मोकळी लोंबतात आणि बाटलीचं झाकण पकडता येत नाही. ती ते काढूनच ठेवते. बायकांच्या मापाचे कुठे मिळतील?

परिचारिका_वणी | १४ ऑगस्ट

नायट्राइलचे मागा, माप ७. आमचे दवाखान्यातले पातळ चालणार नाहीत, जाड आणि कोपरापर्यंत येणारे हवेत. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वणीतून दोन जोड पाठवते.